थेंब केळीला, धार गटाराला

जळगाव जिल्ह्यातली केळी ठिबकवर वाढते, पाणी मोजून पिते. धुळ्याकडे पांझरेकाठच्या फड सिंचन पद्धतीत तर शेताच्या पाण्याची पाळी पाटकरी सांभाळतो. ही फडाची शिस्त काही शतकांची. गावात मात्र नळ दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. ‘पानी उनं!’ (पाणी आलं!) अशी आरोळी उठली की पहिलं काम काय? कालचं ‘शिळं’ पाणी गटारात ओतणं. वाघूर धरणात तेच पाणी महिनोन् महिने ताजं राहतं, आमच्या पिंपात एका रात्रीत शिळं होतं! नळाला तोटी लावा म्हटलं तर शेजारी विचारतात, ‘रोज येतंच कुठे, तोटी कशाला?’ हंडे भरले की उरलेली धार मोटारसायकलीवर. केळीला दोन थेंब जास्त गेले, तर घरात चौकशी बसते.