विरार-ब्रनो स्लो

चेक भाषा फार अवघड, असं जो तो सांगतो. सांगणारा बहुतेक वेळा इंग्रज असतो. ज्याच्या भाषेत टेबलाला लिंग नाही आणि काका, मामा, मावशीचा नवरा या सगळ्यांना मिळून एकच शब्द पुरतो, त्याला काय, सगळंच अवघड! आपण वसईकरांनी कशाला घाबरायचं? वाडवळी, सामवेदी, कोळी, आगरी... इथे सायकलवरून पुढच्या गावात गेलं तरी कान नव्याने लावावे लागतात.

आमची लेक एका सत्रासाठी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात जायची आहे. वर्ग इंग्रजीत; पण वाणी, औषधवाला आणि ट्रॅममधली म्हातारी इंग्रजीत बोलेल, याची हमी कुठलंच विद्यापीठ देत नाही. म्हणून आगाशीच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी मोबाइलवर कामापुरतं चेक सुरू झालं. शिकते ती एकटी, ऐकतं सगळं घर.

एके दिवशी आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे, ही त्या पडद्यावरच्या गोऱ्या पोराला 'अहो' म्हणते. ठरलंय का काही?"

लेक म्हणत होती, 'आहोय'. बरोबरीच्यांना करायचा हा नमस्कार. मुळात ही खलाशांची हाळी, आणि देशाला वीतभरसुद्धा समुद्रकिनारा नाही! आईला लग्नापेक्षा हीच बातमी जास्त लागली. "समुद्र नाही? मग खातात काय?"

मासे खातात, असं तिला समजावलं. नाताळात तर कार्प नावाचा तळ्यातला मासा हवाच. जुनी पद्धत अशी की तो जिवंत आणायचा आणि सणापर्यंत न्हाणीघरातल्या टबात पोहत ठेवायचा.

"मग घरच्यांनी अंघोळ कुठे करायची?"

याचं उत्तर धड्यात नव्हतं. पण तेवढ्यात नातीने 'याक से माते?', म्हणजे 'कशा आहात?', असं विचारलं आणि आई विरघळली. "माते म्हणते गं! शिकू दे तिला."

व्याकरण निघालं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. चेकमध्ये विभक्त्या सात, आणि शाळेत पोरं त्यांना नंबरानेच ओळखतात: पहिली, दुसरी, तिसरी. म्हणजे आपल्या प्रथमा, द्वितीया, तृतीयासारखंच की! क्रम मात्र वेगळा; संबोधन पाचव्या नंबरावर आहे. सामान्यरूपही तसंच. 'मी नालासोपाराला जातो' म्हणणारा नवखा आपण डब्यात लगेच ओळखतो. इथला माणूस नालासोपाऱ्याला जातो. तिकडेही शहर 'प्राहा', पण राहायचं 'प्राझे'त. गाव 'ब्रनो', पण जायचं 'दो ब्रना'. लिंगं तीन. 'तू' वेगळा, 'तुम्ही' वेगळे. मार्टिना नवरातिलोवाचं घराणं नवरातिल, बाई म्हणून पुढे 'ओवा'. आपल्याकडे पाटलीणबाई असतात तशी. पंचवीसला ते 'वीस पाच' म्हणतात, नाहीतर 'पाच आणि वीस' एका शब्दात जोडतात, दोन्ही चालतं. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' आणलं, तेव्हा आपल्याकडे केवढं रण माजलं होतं! गुरुजींनी छडी आपटत घोकून घेतलेलं 'स, ला, ते' मला असं उतारवयात पावलं.

अडतं ते एका अक्षरावर. 'र'च्या डोक्यावर चिमुकली उलटी टोपी. जीभ 'र'साठी थरथरवायची आणि त्याच श्वासात 'झ'ही घासायचा. खुद्द चेक पोरांना हे अक्षर सगळ्यांत शेवटी येतं; नाहीच आलं तर उच्चार शिकवणाऱ्यांकडे नेतात. वाच्लाव हावेल यांना तर साधा 'र'ही नीट जमत नसे, तरी ते राष्ट्राध्यक्ष झाले. लेक याचा सराव विरार लोकलच्या लेडीज डब्यात करते. परवा समोरच्या मावशींनी पर्समधून खडीसाखर काढून दिली. "घे बाळा, घसा पार गेलाय तुझा."

धड्यात प्रागच्या मेट्रोतली घोषणाही आहे: उतरणं-चढणं आटपा, दारं बंद होत आहेत. सकाळच्या विरार फास्टला हे सांगून बघा! आमच्याकडे चढणं आटपतं अंधेरीला, आणि बंद होणारी दारं फक्त एसी लोकलची.

माझ्या मते खरी कसोटी व्याकरणाची नाही, गप्प बसण्याची आहे. तिथे दुकानात शिरताना 'दोब्री देन' म्हणायचं, निघतानाही निरोप घ्यायचा. डॉक्टरकडच्या बाकावरही तेच. पण तेवढंच. ट्रॅममध्ये शेजारणीला तिच्या सासूच्या गुडघ्याबद्दल कोणी विचारत नाही. मटार सोलता सोलता अख्ख्या डब्याची खबर ठेवणाऱ्या बायकांत वाढलेल्या मुलीने हे सोसायचं कसं, यावर कुठल्याच ॲपमध्ये धडा नाही.

आणि हो, चेक प्रजासत्ताकातल्या सरकारी विद्यापीठांत पदवी चेक भाषेतून घेतली तर शिकवणीची फी लागत नाही, विद्यार्थी कुठल्याही देशाचा असो. हे मुद्दाम शेवटी सांगतोय. आधी सांगितलं असतं तर तुम्ही लेख अर्धवट टाकून शिकवणी शोधायला गेला असता.