आग रामेश्वरी

माझं डोकं दुखायला लागलं की घरात ज्याला त्याला आपापलं आवडतं कारण आठवतं. आई म्हणते पित्त. बायको म्हणते चष्म्याचा नंबर. मुलगी माझ्याच हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवते, आणि मग स्वतःच्या मोबाईलमध्ये परत डोकं घालते. मी मात्र नागापूर ते सावेडी या रस्त्यावरच्या खड्ड्यांना बोल लावायचो. खड्डे बिचारे उलट बोलत नाहीत.

कारणं चार, तर उपाय चाळीस. सुंठेचा लेप लावून झाला. तो वाळला की कपाळ असं ओढलं जातं, की मूळ दुखण्याचा विसर पडतो. बहुतेक तोच त्याचा गुण असावा. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी 1893 साली मुंबईत काढलेलं अमृतांजन आमच्या तीन पिढ्यांनी कपाळाला चोळलंय, मीही चोळलं. चष्मा दोनदा बदलला. पित्तासाठी कोकम, आवळा, सकाळचं गरम पाणी. लहानपणी गावाकडे आणखी एक उपाय होता, पण तो पाठीचा. चमक भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचा. आमची आजी पायाळू. पारनेर तालुक्यातल्या त्या वाडीत तिच्या लाथेला जो मान होता, तो पुढं आमच्या घरात कुणाच्या पदवीलाही मिळाला नाही. डोकेदुखीवर मात्र तिच्याकडे लाथ नव्हती.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, बावीस वर्षं झाली. पूर्वी रॅकला बिन कार्डं लटकलेली असायची. ती बघायला माणूस उठायचा, चालायचा, शिडी चढायचा, वरच्या कप्प्यात मान घालायचा. मग कॉम्प्युटर आला. आता स्क्रीन उजवीकडे, कारण प्लग उजवीकडे. चलनांचा गठ्ठा टेबलावर, कारण तो आणखी कुठं ठेवणार? खाली चलन, उजवीकडे स्क्रीन, खाली चलन, उजवीकडे स्क्रीन. आणि डोकं दुखायचं ते नेहमी उजवंच. मानेच्या खळगीतून निघायचं, कानामागून वर चढायचं आणि उजव्या डोळ्यावर येऊन मुक्कामाला थांबायचं. या दोन उजव्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे, माल कुठून आला आणि कुठं गेला याचाच हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या इतकी वर्षं ध्यानात आलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. त्यावर मानेच्या मणक्यांची थोडी झीज दिसली आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ ही बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या शॉपमध्ये पोचली. गॅप हा आपल्याकडचा मोठा लाडका आजार. खरं म्हणजे दोन मणक्यांमधलं अंतर अशा वेळी कमी झालेलं असतं, पण ‘मणक्यात गॅप कमी झालाय’ म्हटलं तर कोण हळहळणार? आणि चाळिशीनंतर ज्याचा म्हणून फोटो काढाल, त्याच्या मानेत ही झीज सापडण्याचा संभव. डोकं दुखो न दुखो. डॉक्टर भले होते. त्यांनी पट्टा दिला नाही, फिजिओथेरपीला जा म्हणाले.

आमच्याकडे फिजिओथेरपीला कोणी फिजिओथेरपी म्हणत नाही. लाईट घ्यायला जातोय, शेक घ्यायला जातोय, करंट लावून आलो, वजन लावलं. विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. तिकडची पांढऱ्या कोटातली पोरं कधी दिसली की आम्ही सरसकट सगळ्यांना एमबीबीएस समजून पित्ताची गोळी विचारायचो. मीही गेलो तो लाईट घ्यायच्याच तयारीनं. जुना बनियन घालून.

लाईट काही मिळाला नाही. पंचविशीतली मुलगी. मी तिला मॅडम म्हणालो, ती मला काका म्हणाली. पहिला घाव तिथंच. आधी तिनं बरंच विचारलं. दुखणं अचानक वीज पडल्यासारखं येतं का, ताप-उलट्या आहेत का, हातापायातली शक्ती गेल्यासारखी वाटते का, बोबडी वळते का. तसलं काही असतं तर तिनं मला हात न लावता थेट मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं, असं तिनं बजावून सांगितलं. मग मला उताणं झोपवलं, माझं डोकं दोन्ही तळहातांत घेतलं, हनुवटी छातीकडे वाकवली आणि तशीच ठेवून डोकं हळूच डावीकडे वळवलं. गेलं. उजवीकडे वळवलं, तर निम्म्यातच अडलं. आमच्या गोडाऊनचं जुनं शटर असंच एका बाजूनं अडतं. ओढा कितीही, त्या खुणेपुढं सरकत नाही.

मग तिनं बोटं कवटीच्या बुडाशी, उजव्या बाजूला रोवली आणि दाबली. मानेत दाबलं, आणि उजव्या डोळ्यावर ते ओळखीचं दुखणं हजर.

“हेच का, काका?”

“हेच! हेच!” मी ओरडलोच. इतकी वर्षं हुलकावणी देणारा चोर रंगेहाथ सापडल्याचा आनंद त्या वेदनेपेक्षा मोठा होता. बाहेर थांबलेल्या बायकोला वाटलं, मोडलं काहीतरी.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आग मानेत, आणि मी इतके दिवस बंब कपाळावर ओतत होतो. याचं कारण तिनं समजावलं ते मला एकदम पटलं, कारण आमच्या कारखान्यात तेच घडतं. वरच्या तीन मणक्यांकडून येणाऱ्या नसा आणि कपाळ-डोळ्याकडून येणारी नस, दोघींच्या तारा मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी जोडलेल्या असतात. आमच्या स्टोअरचा आणि पेंटशॉपचा इंटरकॉम कित्येक वर्षं एकाच नंबरावर होता. स्टोअरमधून कुणी बोंब मारली की गेटवरचा वॉचमन पेंटशॉपकडे धावायचा. त्यात वॉचमनचा दोष नव्हता. मेंदूचाही नाही.

मानेतून उठणाऱ्या या डोकेदुखीला स्वतंत्र नाव नॉर्वेच्या ओटार स्योस्टाड यांनी 1983 साली दिलं. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हाच नाव तयार होतं, फक्त नागापुरात पोचायला उशीर झाला. ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलिन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 200 रुग्णांचा अभ्यास करून 2002 साली निष्कर्ष मांडले. मानेवर हातानं केलेले उपचार, मानेचे व्यायाम, किंवा दोन्ही, सहा आठवडे. दोन्हींनी डोकं दुखण्याचे दिवस घटले आणि फायदा वर्षभरानंतरही टिकला होता. यात लाईट कुठं आला नाही, हे मी बनियनकडे बघत ऐकलं.

तिनं दिलेला व्यायाम इतका बारका, की त्याला व्यायाम म्हणायची लाज वाटावी. उताणं झोपायचं आणि मानेनं ‘हो’ म्हणायचं. डोकं उचलायचं नाही, दात आवळायचे नाहीत, गळ्याच्या पुढच्या दोन दोऱ्या फुगू द्यायच्या नाहीत. नुसता होकार. मानेखाली एक हवेची उशी आणि तिला जोडलेलं डायल. गेज म्हटल्यावर मी खुलून गेलो. आमचं आयुष्य गेज बघण्यात गेलंय. सुरुवात 20 वर. होकार असा द्यायचा की काटा 22 वर जावा आणि दहा सेकंद तिथंच थांबावा. मग 24, 26, असं करत 30 पर्यंत. मी पहिल्याच झटक्यात काटा चाळिशीपार नेला आणि शाबासकीची वाट बघू लागलो.

“काका, हा होकार नाही. ही सलामी झाली.”

बावीस वर्षं नोकरीत मान डोलावली, पण एवढा मोजून मापून होकार कधी द्यावा लागला नव्हता. खोलवरचे बारीक स्नायू झोपी गेलेत, त्यांचं काम वरचे दांडगट स्नायू ओढतात आणि मग कुरकुरतात, असं ती म्हणाली. खात्यातलं कोण कोण माझ्या डोळ्यांपुढं आलं ते सांगत नाही.

ताठ बसा, ताठ बसा म्हणतात, त्याबद्दल मात्र तिचं मत निराळं होतं. डोकं चार-पाच किलोचं. ते साठ अंशांत पुढं झुकलं की मानेवर 27 किलोंचा भार येतो, असा हिशेब न्यूयॉर्कच्या एका सर्जननं 2014 साली मांडला, आणि तेव्हापासून तो आकडा मोबाईलवरून फिरतोय, मान खाली घालून वाचला जातोय. मी स्टोअरचा माणूस, विचारलं, कुणाची मान काट्यावर ठेवून मोजलं काय? नाही, ते कागदावरचं गणित. वाकणं हे पाप नव्हे, म्हणाली. वाकून तसंच तास तास राहणं वाईट, आणि ताठून तास तास राहणंही काही पुण्याचं नाही. अर्ध्या तासानं उठा, हनुवटी जरा आत ओढा, स्क्रीन समोर घ्या. “डोक्यावर हंडा आहे असं समजा.”

स्क्रीन समोर घ्यायला चाळीस रुपयांची एक्स्टेन्शन वायर लागली. इतक्या वर्षांच्या दुखण्यावरचा हा भाग मी घरी सांगितलेला नाही.

हंड्याचं सांगितलं. आई हसायला लागली. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, काखेत आणखी एक घागर, असं तिनं आणि आजीनं विहिरीवरून पाणी आणलंय. “एवढ्यासाठी पैसे दिले होय? मला विचारायचंस.” मी विचारलं, मग तुमच्या माना कधी दुखल्या नाहीत का. ती थोडा वेळ गप्प बसली. “दुखायच्या की. सांगायच्या कुणाला?” आणि भाजी निवडायला लागली.

मराठीत जो मिळतो तो मान पुल्लिंगी आणि जी दुखते ती मान स्त्रीलिंगी, हे मी शाळेत लिंग-वचनात घोकलं होतं.

मान वाकवण्यावरून आठवलं. आमच्या नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी 1944 साली एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची हजारभर पानं हातानं लिहून काढली. त्यांना शीर्षासनाची मोठी आवड, म्हणजे लिहून झाल्यावर उरलेला सगळा देहही मानेवरच. मी मॅडमना विचारलं, मी करू का शीर्षासन? तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

सहा आठवडे गेलो. आता डोकं दुखतच नाही असं नाही, पण आठवड्यातून तीनदा यायचं ते महिन्यातून एखाद्या वेळी येतं, आणि आलं की पत्ता माहीत असल्यामुळं मी परभारे मानेकडे जातो. मोबाईलवर दर अर्ध्या तासानं घंटी लावली आहे. ती वाजली की जिथं असेन तिथं हनुवटी आत, किंचित होकार, दहा सेकंद.

मागच्या शुक्रवारी साहेब टेबलापाशी येऊन काहीतरी बोलत होते. घंटी वाजली. मी हनुवटी आत ओढली, दहा सेकंद सावकाश, मोजून मापून मान हलवली. साहेबांचा चेहरा उजळला. “वा! मला वाटलं तुम्ही नाहीच म्हणाल,” म्हणाले आणि गेले. शेजारच्या पोराला विचारलं, काय विचारत होते रे? तर रविवारी स्टॉक मोजायला कोण येणार.

रविवारी सकाळी आठ वाजता गोडाऊनचं शटर वर ढकललं. नेहमीच्याच जागी अडलं.