खेळण्यातल्या मोटारीचा रिमोट चालेनासा झाल्यास: सेवानिवृत्तांसाठी कार्यपद्धती

सदर कार्यपद्धती लहान मुलांना आत बसून चालवता येणाऱ्या बॅटरीच्या मोटारीच्या रिमोटसंबंधी असून ती सर्व सेवानिवृत्त आजोबांना लागू राहील. वीज मंडळातून निवृत्त होऊन आमच्याच घरी राहणाऱ्या आजोबांना ती तत्काळ लागू राहील. (मंडळाचं २००५ साली विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झालं. ही घटना बाबांनी अद्याप मान्य केलेली नाही. ते 'बोर्ड'च म्हणतात.)

व्याख्या. 'गाडी' म्हणजे नातीला वाढदिवसाला मिळालेली लाल जीप. 'चालक' म्हणजे नात, वय वर्षे चार. 'नियंत्रक' म्हणजे माझे सासरे, अर्थात बाबा. 'आई' म्हणजे सासूबाई. त्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही असं त्यांचं म्हणणं आहे. कलम चार पाहावं.

कलम एक. काहीही उघडण्यापूर्वी 'पी' पाहावा. रिमोटच्या मधोमध 'पी' अक्षराचं बटण असतं. ते एकदा दाबलं की गाडीला ब्रेक लागतो. मग रिमोटचे बाण दाबा नाहीतर चालकाने पॅडलवर उभं राहून नाचावं, गाडी हलत नाही. ती हलायला 'पी' पुन्हा दाबावा लागतो. चालक उतरली रे उतरली की बाबा 'पी' दाबतात. सवय उत्तम आहे; लाईन बंद केल्याची खात्री केल्याशिवाय खांबावर माणूस चढवू नये, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. पण मग वर चहाला जातात, चहाबरोबर पेपर येतो, आणि खाली परत येईपर्यंत 'पी' स्मरणातून गेलेला असतो. तिथून पुढे स्क्रू ड्रायव्हर.

"बाबा, पी दाबलेला नाही ना?" असं सरळ विचारू नये. "मी काय काल लागलोय का बोर्डात?" असं उत्तर मिळतं आणि सीट उचकटली जाते. त्याऐवजी, "बाबा, हे पी कशासाठी असतं हो?" असं अज्ञान पांघरून विचारावं. ते सविस्तर समजावून सांगतात, प्रात्यक्षिक म्हणून दाबून दाखवतात, आणि गाडी चालू लागते. नव्वद टक्के बिघाड इथेच मिटतात. नव्वद हा आकडा माझा, आणि तो रागाच्या भरातला आहे.

कलम दोन. नेम धरू नये. टीव्हीच्या रिमोटमधून अवरक्त प्रकाश बाहेर पडतो, म्हणून तो टीव्हीच्या तोंडावर रोखावा लागतो. मोबाइलच्या, शक्यतो पुढच्या, कॅमेऱ्यातून पाहिलं तर त्याच्या टोकाला जांभळट ठिपका चमकताना दिसतो. ही परीक्षा बाबांना येते आणि ते ती शेजारीपाजारी करूनही देतात. परंतु गाडीचा रिमोट रेडिओवर चालतो. आजकालच्या बहुतेक गाड्यांत २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ ज्या पट्ट्यात नांदतात तिथेच. कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही म्हणून तो रिमोट मेला असं जाहीर करू नये. रेडिओलहरी चहूकडे पसरतात. कमरेत वाकून, एक डोळा मिटून गाडीच्या मागच्या दिव्यावर नेम धरल्याने गाडीला काही फरक पडत नाही. कमरेला पडतो.

जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांत एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी पळायची, हे खरं. आताचा रिमोट एकदा जुळवला की आपल्याच गाडीला ओळखतो. यास्तव बी विंगमधल्या बँकवाल्या आजोबांवर केलेला आरोप मागे घ्यावा. शक्य असल्यास आजच, कारण गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक त्यांच्याकडे आहे.

जाता जाता: निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट तारेवाचून, दुरून चालवून दाखवली. आत शिकवलेलं माकड बसवलं असणार, अशी शंका तेव्हा काही प्रेक्षकांना आली म्हणतात. आमच्या गाडीबाबत ती शंका रास्त आहे.

कलम तीन. रिमोट तळहातावर आपटू नये. मांडीवरही.

कलम चार. सेल. गाडीच्या रिमोटला दोन छोटे पेन्सिल सेल लागतात. टीव्हीच्या रिमोटलाही तेच दोन लागतात. घरात चालू अवस्थेतले सेल मात्र एकूण दोनच असतात, आणि संध्याकाळी सातला मालिका सुरू होते. पुढचं सांगायला नको. खेळण्याच्या रिमोटचं झाकण स्क्रूने बंद केलेलं असतं, ते पोरांनी सेल काढून तोंडात घालू नयेत म्हणून. सासूबाईंना थोपवण्याच्या दृष्टीने हा स्क्रू निरुपयोगी ठरला आहे. त्या भाजीच्या सुरीच्या टोकाने तो काढतात. परत लावत नाहीत. म्हणून आमच्या रिमोटला रबरबँड आहे.

एक नवा आणि एक जुना सेल अशी जोडी लावू नये. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ती पॉलिश पेपरने हलकेच घासून काढावी. सेल उन्हात ठेवणे, दाताखाली दाबणे, जागा अदलाबदल करून "आता बघ" म्हणणे या उपचारांवर मी काही बोलणार नाही. मोठ्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

कलम पाच. जुळवणी. सेल बदलले किंवा बॅटरीची वायर काढून लावली की कधी कधी रिमोट आणि गाडी यांची ओळख पुसली जाते. रिमोटचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. अशा वेळी आधी गाडी बंद करावी. रिमोटवरचं जुळवणीचं बटण, किंवा काही रिमोटवर 'पुढे' आणि 'मागे' हे दोन्ही बाण एकत्र, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावेत. मग गाडी सुरू करावी. दिवा स्थिर झाला की जुळलं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात गाडीच्या बटणापाशी चालक बसलेली असते, आणि ते बटण दाबलं की गाडी इंग्रजी गाणं म्हणते. बाबा इकडून ओरडतात, "आता चालू कर!" ती चालू करते. गाणं ऐकते. बंद करते. पुन्हा गाणं ऐकते. जुळवणी दर खेपेला मोडते. बाबांचं म्हणणं, बोर्डात असा लाईनमन असता तर निलंबित केला असता. इथे निलंबनाची तरतूद नाही. चालकाला पार्ले-जी देऊन गाडीबाहेर काढावं आणि मगच बटणाला हात लावावा.

कलम सहा. रॅम्पवर दोन पोरं बसवू नयेत. बसवलीच, तर गाडी मध्येच मरते. आतला फ्यूज तापून तुटलेला असतो. बंद करून थोडा वेळ थांबावं, निवला की बहुतेक गाड्यांत तो आपला आपण जोडला जातो.

कलम सात. बॅटरी. 'हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आणि रिमोटच खराब' हा निष्कर्ष आमच्या पार्किंगमध्ये सर्वमान्य आहे. तो चूक आहे. हॉर्नला वीज लागते चिमूटभर, मोटरला पसाभर. दुबळी बॅटरी मल्टिमीटरवर निवांत असताना बाराच्या वर व्होल्ट दाखवते, मोटर फिरायला लागली की खाली कोसळते. त्या धक्क्याने सीटखालची रिसीव्हरची पेटी बंद पडते, तिचा रिमोटशी संपर्क तुटतो, आणि दोष येतो रिमोटवर. म्हणून मीटर लावावा तो कुणीतरी पॅडल दाबलेलं असताना. चाकं उचलून धरावीत: हवेत गरगर फिरतात आणि जमिनीवर टेकली की थांबतात, तर आधी बॅटरीवर संशय घ्यावा. ही शिशाची बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी ही समजूत तिचा जीव घेते. खेळून झालं की लावावी, आठ ते बारा तास, आणि मग काढावी. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवली तरी महिन्यातून एकदा चार्जिंग चुकवू नये, नाहीतर दसऱ्याला पूजेपुरतीच उरते. बदलायची वेळ आलीच तर अनेक १२ व्होल्टच्या गाड्यांत संगणकाच्या यूपीएसला लागते तीच ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते. जुनी पिशवीत घालून पुण्यातल्या तपकीर गल्लीत न्यावी आणि मापाला माप, टर्मिनलला टर्मिनल लावून घ्यावी.

हे सगळं मला बाबांनीच शिकवलं, पार्किंगमध्ये पाटावर बसून, तेही मी ऑफिसातून दमून आलेली असताना. ऐकायचं नव्हतं, तरी लक्षात राहिलं. एके काळी अकरा हजार व्होल्ट ज्यांच्या शब्दाबाहेर नव्हते, त्यांना आता बारा व्होल्ट जुमानत नाहीत, एवढंच त्यांचं दुखणं आहे.

कलम आठ. गुरुवारी गाडी बंद राहील. कारण पुणेकरांनी विचारू नये.

कलम नऊ. सर्व काही सुरळीत असूनही चालकाची तक्रार येणे. "आबा मला चालवूच देत नाहीत!" ही तक्रार तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. रिमोटची आज्ञा पॅडलच्या वर असते. चालक डावीकडे ओढते आणि स्टिअरिंग तिच्या हातात आपोआप उजवीकडे वळतं. अशा वेळी रिमोटमधला एक सेल गुपचूप काढावा, रबरबँड होता तसा लावावा आणि रिमोट सन्मानपूर्वक नियंत्रकाच्या हाती द्यावा. गाडी पॅडलवर चालते. बाबा तिच्या बरोबरीने चालतात, बाण दाबतात, "आता डावीकडे घेतो हं" म्हणतात, आणि चालक डावीकडे घेते. रिमोटचा दिवा लागलेला नाही हे त्यांच्या लक्षात येत नसेल? पस्तीस वर्षं ज्यांनी फॉल्ट शोधले त्यांच्या? मी विचारलेलं नाही. काढलेला सेल मात्र सातच्या आत परत लावावा, नाहीतर तो कुठे जातो हे कलम चारमध्ये आलेलं आहे.