दर अश्वशक्तीला दहा मिलिमीटर

टायर जितका रुंद तितकी गाडी रस्त्याला जास्त चिकटते, हे मी घरी इतक्या गंभीरपणे सांगितलं की क्षणभर मलाही ते पटलं. अडचण एवढीच, की बायको ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. चुकीचं उत्तर शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेण्याचा तिला पगार मिळतो.

"अहो, मागच्या चाकावरचं वजन बदलणार आहे का?"

"नाही."

"आणि टायरमधली हवा?"

"तेवढीच. तीसच्या आसपास."

"मग वजन भागिले दाब. रस्त्याला टेकणारी जागा साधारण तेवढीच आली. आधी ती लांबट होती, आता आडवी होईल. बोला पुढे."

टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, रबर कुठलं आहे त्यावरही बरंच ठरतं, असे एक-दोन बारीक मुद्दे माझ्याकडे होते. पण ते काढले असते तर तिने फळा आणला असता. मी दुसऱ्या मुद्द्यावर उडी मारली. माझी जुनी बुलेट आता हार्डटेल आहे. मागचा चिमटा आणि शॉकअप कापून टाकलेत, चाक थेट सांगाड्यालाच बसतं. त्यामुळे धक्के झेलायला दोघंच उरतात, टायर आणि मी. मग टायर नको का जाडजूड?

हा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच मी त्यात अडकलो. तिने टायरवरचा आकडा विचारला. मी अभिमानाने सांगितलं, १८०/५५-१७. आधीचा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. मधला ५५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. शेवटचा रिमचा, इंचात. तिने तोंडीच हिशेब केला: रबराची उंची ९९ मिलिमीटर. मग जुन्या क्रूझर गाड्यांना असतो तो १३०/९०-१६ घ्यायला लावला. त्याची उंची ११७. म्हणजे पन्नास मिलिमीटरने अरुंद टायर मला बोटभर जास्त गादी देत होता आणि मी तो नाकारत होतो.

"आता खरं सांगा, हा कशाला हवाय?"

"मागून छान दिसतो."

"मग हेच आधी म्हणायचं," असं म्हणून ती पेपर तपासायला बसली.

मागून छान दिसतो, पण कुणाला? मोटरसायकलचा मागचा टायर हा एकच भाग असा आहे की जो चालवणाऱ्याला चालवताना कधीच दिसत नाही. हँडल दिसतं, टाकी दिसते, आरशात स्वतःचे खांदे दिसतात. मागचा टायर दिसतो तो मागच्या एसटीच्या ड्रायव्हरला. त्याला माझ्यात एकाच गोष्टीचं स्वारस्य असतं: हा बाजूला कधी होतोय. त्या माणसाच्या डोळ्यांचं पारणं फिटावं म्हणून मी टायर, रुंद रिम, तिला भोकं पाडून घेणं, मापाचे स्पोक बनवून घेणं, एवढा खर्च करायला निघालो होतो.

वर बिडाच्या इंजिनाची ३५० बुलेट. अश्वशक्ती अठरा, तीही नवी असताना. १८०चा टायर ज्या सहाशे सीसीच्या स्पोर्ट्‌स गाड्यांना कंपनीतून बसून येतो, त्यांची ताकद शंभराच्या वर असते. माझ्या वाट्याला दर अश्वशक्तीमागे दहा मिलिमीटर रबर येत होतं. जगातल्या कुठल्याही रेसिंग टीमला ही चैन परवडणार नाही.

खरी परीक्षा मात्र उद्यमनगरात झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंपांचे आणि ऑइल इंजिनांचे भाग घडवता घडवता कारागिरांच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तिथल्या एका लेथवर मामा उभे असतात. मिलिमीटर त्यांना कळतो, पण त्यांचा जीव सुतावर. इंचाला आठ सूत. मी कॉम्प्युटरवर काढलेलं रंगीत चित्र नेलं होतं. मामांनी ते आदराने बाजूला ठेवलं आणि जमिनीवर खडूने एक रेघ ओढली.

"ही गाडीची मधली रेघ. जुना टायर सव्वातीन इंची. निम्मा हिकडं, निम्मा तिकडं. आता तुमचा ह्यो रेडा. ह्यो निम्मा किती?"

"नव्वद मिलिमीटर."

"आधी एक्केचाळीस व्हता. म्हंजे डावीकडं सोळा सुताला अर्धं सूत कमी, एवढा भाईर आला. बरं, बुलेटची चेन कुठनं जाती?"

"डावीकडनं."

"मग आता काय टायरातनं जाणार?"

आजूबाजूचे दोन लेथ बंद झाले. कुणाची तरी फजिती चालली असली की उद्यमनगरात उत्पादन थांबतं.

मी अभ्यास करून गेलो होतो. म्हटलं, चाक थोडं उजवीकडे सरकवू. मामा म्हणाले, सरकवूया की, मग पुढचं चाक कोल्हापूरला जाईल आणि मागचं सांगलीला. म्हटलं, मग पुढचं स्पॉकेट बाहेर काढू. त्यांनी मला गाडीशी नेऊन बोट ठेवलं: स्पॉकेट क्लचच्या आतल्या अंगाला, बाहेरून प्रायमरी केस आडवी. आणि दांड्याच्या टोकाला लांब लोंबकळतं स्पॉकेट लावून चेनने खेचत राहिलं, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किती दिवस टिकेल? शेवटी उरला जॅकशाफ्ट. गिअरबॉक्सच्या मागे एक आखूड दांडा, दोन बेअरिंगांत बसवलेला, त्यावर दोन स्पॉकेट. आतल्या स्पॉकेटवर गिअरबॉक्सकडून येणारी चेन, बाहेरच्यावरून चाकाकडे जाणारी दुसरी. टायरला वळसा घालून ताकद पोचते, वाटेत थोडी सांडते. अठरातली आता किती उरली, हे मी मोजलेलं नाही.

मामांनी तो दांडा ईएन-८ मधून काढला. स्पेसर, बुश, वायसर, सगळं हाताने. प्रत्येक तुकडा लावून बघायचा, काढायचा, केसभर उतरवायचा, परत लावायचा. हार्डटेलचा एक फायदा त्यांनीच मला दाखवला: मागचं चाक खाली-वर होत नाही, त्यामुळे चेनचा ताण खड्ड्याखड्ड्याला बदलत नाही. माझ्या गाडीला असलेला हा एकमेव तांत्रिक फायदा आहे. भेटेल त्याला मी तो सांगतो.

आता मला थोडं इंग्लंडातल्या रेडिचला जायचं आहे. बायको या ठिकाणी उठून कुकर लावते, वाचकांनीही हवं तर लावावा.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा बऱ्याच ब्रिटिश मोटरसायकलींना मागे काहीच नसे. सीटखाली दोन स्प्रिंगा, बाकी सगळं चालवणाऱ्याच्या कण्यावर. यावर उपाय शोधताना ट्रायम्फने स्प्रिंगा चक्क चाकाच्या हबमध्ये कोंबल्या. त्या इतक्या ताणात असत की हब उघडू नका, असा इशारा हबवरच उमटवलेला असे. काहींनी चाकाचा आस उभ्या नळ्यांत खाली-वर नाचवला. रेडिचच्या रॉयल एनफील्डवाल्यांनी मात्र १९४८ साली मागे झुलता चिमटा आणि दोन शॉकअप लावलेली बुलेट थेट ट्रायलच्या स्पर्धेत उतरवली. ट्रायल म्हणजे दगड, चिखल, ओढे यांतून पाय न टेकता गाडी काढायची. तिथल्या जाणत्यांनी नाकं मुरडली. चिखलात पकड हवी तर मागचं चाक घट्ट पाहिजे, झुलणाऱ्या चाकावर कोण विश्वास ठेवणार? त्याच वर्षी इटलीत सान रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ब्रिटिश संघाने करंडक मारला आणि संघातल्या दोन्ही बुलेटस्वारांना सुवर्णपदकं मिळाली. नाकं सरळ झाली. तीच बुलेट पुढे बाजारात आली आणि १९५५पासून मद्रासला तयार होऊ लागली. म्हणजे माझ्या गाडीचा चिमटा हा खानदानी. तो मी ग्राइंडरने कापला आणि भंगारवाल्याने किलोवर घेतला.

हे कमी म्हणून की काय, १९८४ साली हार्ले-डेव्हिडसनने सॉफ्टेल काढली. तिला शॉकअप आहेत, पण गाडीच्या पोटाखाली लपवलेले, का तर बघणाऱ्याला ती हार्डटेल वाटावी. पाठ शाबूत ठेवायची आणि कणखर दिसायचं, हा माझ्यासारख्यांच्या मनातला सौदा त्या कंपनीने बरोबर ओळखला आणि त्यावर अजून गाड्या विकते आहे. मी मात्र खरोखरचे शॉकअप काढले. दिखाऊपणातही प्रामाणिक राहणारा माणूस विरळाच.

१९६९च्या 'ईझी रायडर'मधली तारे-पट्ट्यांची टाकी असलेली ती लांब काट्यांची गाडीही हार्डटेल. तिच्यावर बसलेला पीटर फोंडा जगभरच्या पोरांच्या भिंतींवर लागला. ती गाडी ज्यांनी उभी केली ते क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी, लॉस एंजेलिसचे दोन कृष्णवर्णीय कारागीर. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. पुढची कित्येक वर्षं ती बहुतेकांना ठाऊकही नव्हती. हे वाचल्यापासून प्रदर्शनांत गाडीपुढे ठेवलेली 'निर्माता' ही पाटी माझ्या डोळ्यांत खुपते. तिच्यावर नाव असतं ज्याने पैसे दिले त्याचं. टायरच्या चकचकीत दुकानात हा गृहस्थ छापील किंमत मुकाट मोजतो आणि लेथवर आला की शंभर रुपये कमी करा म्हणतो. दिवसभर उभं राहून मामांच्या पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या आहेत. त्यांच्या हातच्या स्पेसरचा कुणी फोटो काढत नाही, कारण तो नीट बसला की दिसतच नाही. चुकला तरच कळतो, आणि कळतो तेव्हा वरचा माणूस रस्त्यावर असतो. याचा मला राग येतो. गाडी माझ्या नावावर असल्यामुळे तो काढायला सोयीची जागा मात्र मिळत नाही.

असो. गाडी उभी राहिली.

पहिली फेरी मित्राच्या उसाच्या पाणंदीत. पाणंदीला बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या असतात. अरुंद टायर एक चाकोरी निवडतो. माझा टायर दोन्हींकडे डोकावून कुठेच जाईना. वळणावर गाडी आडवी करायला जावं तर ती आधी ताठ बसते, मग एकदम कलते. याचंही कारण भौतिकशास्त्रात आहे. गाडी कलली की रुंद टायरची टेकायची जागा मधल्या रेघेपासून आतल्या अंगाला सरकते, म्हणून त्याच वेगात तेच वळण घ्यायला जास्त कलावं लागतं. मी हे घरी स्वतःहून सांगितलं नाही. मित्राने फोनवर काढलेला व्हिडिओ मात्र घरी पोचला. त्यात गाडी सरळ उसात जाताना दिसते आणि मी तिच्यावर फार रुबाबात बसलेलो आहे.

राहिला रस्ता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला सोडून बदल करायला मनाई. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बायकोने लाल पेन घेऊन गाडीभोवती फेरी मारली: सांगाडा, चिमटा, चाक, मडगार्ड, सायलेन्सर, हँडल. बेरीज मोठी झाली. तिने खाली रेघ मारून "दर्शनीय" असा शेरा दिला.

तेव्हा गोव्याच्या मेळाव्याला गाडी छोट्या हत्तीतून गेली. दोऱ्यांनी बांधलेली, तोंड केबिनकडे, पार्श्वभाग रस्त्याकडे. आजऱ्यावरून आंबोलीपर्यंत मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो टायर अगदी मनसोक्त बघता आला. शिवाय टेम्पोला पाटे असतात, त्यामुळे माझ्या गाडीला शेवटी शॉकअपही मिळाले. आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलो होतो. लग्नानंतर बुलेटवरून गोव्याला न्यायचं मी कबूल केलं होतं. "नेलंत की," ती म्हणाली. "बुलेट मागे बसली, एवढंच."

मेळाव्यात एक फॉर्म होता, त्यात निर्मात्याच्या नावाचा रकाना. मी लगेच मामांना फोन लावला आणि घशात जमेल तेवढा गहिवर आणून म्हटलं, इथे तुमचंच नाव लिहिणार आहे.

"गप बसा, साहेब," मामा म्हणाले. "आरटीओला पहिला मीच सापडंन."

"मग काय लिहू?"

पलीकडे लेथ फिरत होता. मामांनी विचार केला.

"असं लिवा, सर्व प्रकारची लेथकामं खात्रीशीर करून मिळतील. खाली नंबर टाका. नाव नगं."

रकाना अरुंद होता, तरी बसवलं. दोन दिवसांत टायरचे पुष्कळ फोटो निघाले. मला जे प्रश्न आले त्यांत 'किती देते?' हा सर्वांत जास्त वेळा आला. मामांना एकच फोन गेला, एका ट्रॉलरवाल्याचा, पंपाच्या शाफ्टसाठी. शाफ्ट पाठवायचा कसा, हे मात्र त्यांनी मलाच विचारायला सांगितलं. टेम्पो रिकामा जाणार नव्हता, पण टायरशेजारी जागा होती.