आधी शेकोटी विझवा

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन असते. पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण मॅरेथॉनवाले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघतात आणि त्या एका सकाळी शहर त्यांच्यासाठी जीव टाकतं. रस्ते मोकळे, दिवे चालू, ठिकठिकाणी पाणी, फिरती शौचालयं, रुग्णवाहिका, पेडर रोडच्या चढावर टाळ्या वाजवायला उभी असलेली माणसं. 2004पासून हे चालू आहे. साठ हजारांहून जास्त लोक त्या दिवशी रस्त्यावर उतरतात. मुंबईचं याबद्दल कौतुक करावं तेवढं थोडं.

माझं भांडण आहे त्याआधीच्या तीन महिन्यांशी.

42.195 किलोमीटर धावायची ताकद नोव्हेंबर-डिसेंबरच्या रविवारांमध्ये येते. अठ्ठावीस, तीस, बत्तीस किलोमीटरचे ‘लाँग रन’ याच दिवसांत करावे लागतात, कारण शेवटचे दोन-तीन आठवडे पायांना विश्रांती द्यायची असते. नोकरी करणाऱ्या साध्या धावणाऱ्याला बत्तीस किलोमीटरला साडेतीन-चार तास लागतात. त्यात लग्नसराई. दुपारी बाराचा मुहूर्त गाठायचा तर साडेचारला घराबाहेर पडायलाच हवं. सूर्य उगवतो सातच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त धावणं अंधारातच उरकतं.

‘एवढ्या थंडीत कसे रे जाता?’ असं घरोघरी विचारलं जातं. पण थंडी हा आमचा प्रश्न नाहीच. पुण्यात पारा दहाच्या खाली गेला, तरी तिसऱ्या किलोमीटरला जॅकेट कमरेला बांधलेलं असतं. लांब पल्ल्यासाठी इतकी चांगली हवा आपल्याकडे वर्षात दुसऱ्या वेळी मिळत नाही. निघण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं जास्त अंग मोकळं करायचं, तहान लागली नाही तरी पाणी पीत राहायचं, कारण थंडीत तहान दबते, पण घाम जायचा तो जातोच. एवढं सांभाळलं की थंडी धावणाऱ्याची मैत्रीण आहे.

खरा प्रश्न त्या थंडीत आपण काय मिसळतो, हा आहे.

हिवाळ्याच्या रात्री जमीन झपाट्याने गार होते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वर तिच्यापेक्षा उबदार थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. मग खाली जो धूर, जी धूळ निघेल ती तिथेच कोंडते. ऊन वर येऊन जमीन तापेपर्यंत हे झाकण हलत नाही. हिवाळ्यात धावण्यासाठी आपण नेमकी तीच वेळ निवडतो, कारण दुसरी वेळ आपल्याला परवडत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. लांब धावताना हाच आकडा साठ लिटरच्या पुढे जातो आणि श्वास नाकाऐवजी तोंडाने चालतो. नाकातली चाळणीच बाद. अडीच मायक्रॉनचे सूक्ष्म कण अशा वेळी थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत उतरतात. या कणांची दिवसभराची सुरक्षित सरासरी जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. आपल्या देशाच्या मानकात ती 60 आहे. हिवाळ्यात आपली शहरं अनेकदा या साठच्याही वर असतात.

दिल्लीने हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. 2017च्या नोव्हेंबरमधली तिथली अर्धमॅरेथॉन पुढे ढकला, असं डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना कळकळीने सांगत होती. स्पर्धा तरीही झाली. काही जण मास्क बांधून धावले. पुढच्या वर्षी ती ऑक्टोबरमध्ये नेली गेली. तारीख बदलता येते, हे तेव्हा सिद्ध झालं. सराव मात्र कुठल्या महिन्यात नेणार?

आता ती शेकोटी. कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी पहाटे पाचला थांबून बघा. पत्र्याच्या तुटक्या घमेल्यात झाडाची ओली पानं, वर पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर थर्माकोलचा तुकडा, आणि ज्वाळा मंदावली की प्लॅस्टिकची पिशवी. धूर आधी पांढरा आणि मग काळा होतो. वर न जाता तो गुडघ्याच्या उंचीवर रस्ताभर पसरतो. त्यातून पळत गेलं की घसा धरतो, डोळे चुरचुरतात आणि पुढचे दोनशे मीटर खोकल्यात जातात. शेकोटीपाशी बसलेले काका बारा तासांची पाळी करतात. अंगात एजन्सीचा पातळ शर्ट, त्यावर स्वतःचाच जुना स्वेटर, कानाला मफलर. आम्ही त्या धुरातून दहा सेकंदांत निसटतो, ते रात्रभर त्यात बसलेले असतात. त्यांना दोष देणाऱ्याने आधी एक डिसेंबरची रात्र त्या खुर्चीत काढावी.

उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंड, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2016 सालीच सांगितलं आहे. पण या काकांकडून पाच हजार वसूल करणं हा न्याय नव्हे. दिल्लीच्या परिसरात रहिवासी संघांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत असे आदेश निघाले. ते शहाणपणाचं होतं. शेकडो सदनिकांची सोसायटी दिवाळीला रोषणाई करते, तिला एक हीटर आणि दोन जाड जॅकेटं जड नाहीत.

झाडूचंही तेच. सहाच्या सुमारास रस्ते झाडणाऱ्या बायका लांब दांड्याच्या झाडूने कोरडी माती ढिगाला लावतात. दिव्याच्या उजेडात धुळीचा लोट डोक्याच्या वर गेलेला स्पष्ट दिसतो. तोंडाला फक्त पदर. आधी पाणी शिंपडा, त्यांना चांगले मास्क द्या, यासाठी कुठलं मोठं तंत्रज्ञान लागतं?

आणि शौचालयं. याबद्दल पुरुष बोलत नाहीत, कारण त्यांचं कुठेही भागतं. माझ्यासोबत धावणाऱ्या मैत्रिणी आदल्या संध्याकाळपासून पाणी मोजून पितात, कारण पहाटे पाचला वाटेवरच्या प्रत्येक सार्वजनिक शौचालयाला कुलूप असतं. चार तास धावायचं आणि पाणी प्यायचं नाही, हा तब्येतीशी खेळ आहे. त्यात बंद पडलेले दिवे. त्यामुळे त्या एकट्या निघत नाहीत, ग्रुपची वाट बघतात आणि ग्रुप नसला तर त्यांचा तो रविवार फुकट जातो. मॅरेथॉनच्या दिवशी फिरती शौचालयं आणता येतात, तर डिसेंबरच्या पहाटे असलेली कुलपं उघडता आली पाहिजेत. दूधवाले, पेपरवाले, रिक्षावाले, सफाई कामगार यांनाही तीच कुलपं आडवी येतात.

धावणाऱ्यांनाही दोन शब्द. वेळापत्रकात तीस लिहिलंय म्हणून हवा काळी असतानाही तीसच करायचे, हा हट्ट सोडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप फोनवर आहे, निघण्यापूर्वी बघा. आकडा वाईट असेल तर लाँग रन बुधवारवर टाका, नाहीतर सोडून द्या. एका रविवाराने मॅरेथॉन बुडत नाही. छातीत घरघर असेल, दमा असेल, तर त्या दिवशी घरीच थांबा. आणि एनर्जी जेलची रिकामी पाकिटं खिशात ठेवा. शहराकडे मागायचं तर आपला कचरा आधी आपण उचलायला हवा.

येत्या रविवारी घराबाहेर पडाल तेव्हा फाटकावर दोन मिनिटं थांबा. काकांना विचारा, हीटर आला का. नसेल तर सोमवारी सोसायटीच्या कमिटीला चिठ्ठी द्या आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज करा: शौचालयं पहाटे चारला उघडा, बंद दिवे चालू करा, झाडण्याआधी पाणी मारा. धावणाऱ्या पंचवीस जणांच्या सह्या खाली असतील तर उत्तर लवकर येतं.