पेडल खाली जातंय

नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025ला विमानं उडू लागली आणि आमच्या उलव्यातल्या घरी पाहुणे उतरू लागले. त्यांतलाच एक भाचा. त्याची बायको बामणडोंगरी स्टेशनवर यायची होती. मी मोठ्या मनाने आमच्या 2004च्या मारुती आठशेची किल्ली त्याच्या हातात ठेवली. दुसऱ्या मिनिटाला सोसायटीच्या गेटवरून त्याचा फोन.

"मामा, ब्रेक कुठला?"

"मधला. सगळ्या गाड्यांत मधलाच असतो."

"मधला जमिनीला लागला. आणि गाडी वॉचमनच्या खुर्चीला लागली."

वॉचमन जागेवर नव्हता. त्याच्या जागेवर नसण्याबद्दल मीच सर्वसाधारण सभेत दोनदा तक्रार केली होती. ती मनातल्या मनात मागे घेतली.

मला खरंच नवल वाटलं. त्याच सकाळी मी त्याच गाडीतून बोंबील घेऊन आलो होतो आणि पाहिजे तिथे थांबलो होतो. मग लक्षात आलं की मी ब्रेक एकदा दाबतच नाही. दोनदा दाबतो. पहिला दाब म्हणजे नोटीस, दुसरा म्हणजे कारवाई. ही पद्धत कधी सुरू झाली ते आठवेना. पेडल रोज केसभर खाली जात होतं आणि माझा पाय रोज केसभर समजूतदार होत होता. शिवाय उलवे सपाट. भातखाचरं आणि खाजणाच्या जमिनीवर सिडकोने आखलेले सरळ रस्ते. जी एक टेकडी होती तीही विमानतळासाठी कापून काढली. उतारच नाही म्हटल्यावर ब्रेकची परीक्षा घेणार कोण? कुत्री आणि स्पीडब्रेकर. पैकी कुत्री मला ओळखतात.

"गाडी दाखवल्याशिवाय मी अटल सेतूवर पाऊल ठेवणार नाही," ही म्हणाली. तिची बहीण शिवडीला राहते. जवळपास बावीस किलोमीटरचा पूल, ताशी शंभरची मर्यादा, मध्ये थांबायला मनाई. आमची गाडी शंभर गाठणार नाही हे मान्य, पण थांबायला मनाई असलेल्या जागी ब्रेक हवेत कशाला, या माझ्या प्रश्नाला उत्तर न देता ती आत गेली.

रविवारी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. उघडं बॉनेट आणि उघडा कॅरम बोर्ड, माणसं कुठून जमतात कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांची नुकतीच बायपास झालेली, त्यांनी पाइपात ब्लॉकेज असल्याचं सांगितलं. पाइप तुंबला तर पेडल दगडासारखं होतं, खाली जात नाही. पण बायपासवाल्याशी वाद घालू नये. सेक्रेटरींनी लीकेज म्हणून निकाल दिला. गच्चीच्या लीकेजवर त्यांची तीन वर्षं गेली आहेत, त्यांना दुसरं काही दिसत नाही. तरी चारही चाकांच्या आतल्या बाजूला त्यांनी टॉर्च मारून पाहिला. हे मात्र बरोबर केलं. सगळं कोरडं होतं. केमिकल कंपनीतून निवृत्त झालेल्यांनी ब्रेक ऑइलवर व्याख्यान दिलं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट थ्री जातीचं ताजं तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तोच आकडा 140वर येऊ शकतो. "उकळलं की वाफ, वाफ झाली की पेडल खाली!" मुद्दा शास्त्रशुद्ध होता. फक्त आमची गाडी पार्किंगमधून गेटपर्यंत जाण्यात उकळली कशी, ते त्यांनाही सांगता येईना.

मग मी स्वतःच वाचायला बसलो. बंद भांड्यातल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितलं. मोटारींत हायड्रॉलिक ब्रेक आणले अमेरिकेतल्या माल्कम लॉगहेडने. 1921च्या ड्यूझेनबर्गला ते चारही चाकांना होते. त्याचा भाऊ ॲलन विमानं बनवायचा. लोक आडनावाचा उच्चार भलताच करायचे, म्हणून त्याचं लॉकहीड झालं, आणि ब्रेक व विमानं दोन्हींवर तेच नाव लागलं. म्हणजे एक भाऊ पुढे नेणारा, एक थांबवणारा. आमच्याकडे ही विभागणी नवराबायकोत आहे.

पेडलचं गणित मला पंगतीवरून कळलं. शेवटच्या पानाला वरण पोचेपर्यंत पहिल्या पानाने भाताला हात लावायचा नाही. तेलही तसंच. मागच्या ड्रममध्ये लायनर झिजून ड्रमपासून दूर गेले असतील, तर तेल आधी त्यांना ढकलत ड्रमपर्यंत नेणार. तोवर दाब चढणारच नाही. तुमचा पाय आपला वाढप्यासारखा खाली खाली. हवा शिरली असेल तर पेडल मऊ, स्पंजासारखं लागतं. पाय दाबून धरल्यावर हळूहळू बुडत गेलं तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले. आणि दुसऱ्या दाबाला वर येऊन कडक लागलं, तर कुठेतरी अंतर वाढलंय किंवा हवा आहे.

एवढं वाचूनही मी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे माझ्या तोंडाकडे पाहून "मास्टर सिलिंडर गेला" असं सांगितलं गेलं, अशा सुरात की मी नकळत "कधी?" असं विचारलं. साडेतीन हजार घेऊन नवा सिलिंडर बसला. दोन दिवस मला फरक जाणवला. तिसऱ्या दिवशी कळलं की तो फरक खिशातला होता.

मग घरीच हवा काढायचं ठरवलं. मी मागच्या चाकाशी आडवा, पान्हा निप्पलवर, पारदर्शक नळी बाटलीत. ही ड्रायव्हरच्या सीटवर. पद्धत सोपी आहे: तिने दाबून धरायचं, मी निप्पल सैल करायचा, तेल आणि बुडबुडे बाहेर, मी निप्पल आवळेपर्यंत तिने पाय सोडायचा नाही.

"दाब!"

"दाबला."

"धर... धर... अगं, सोडलास का?"

"तुम्ही 'अगं' म्हणालात म्हणून सोडला."

जेवढी हवा काढली तेवढी परत आत गेली. "तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच तुमचं ऐकतेय," ती म्हणाली, "सवय व्हायला वेळ लागेल." तेवढ्यात तेलाचे थेंब गाडीच्या पत्र्यावर पडले. ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं, लगेच पाण्याने धुवायचं असतं. मला हे माहीत होतं. पण त्या वेळी मी गाडीखाली होतो.

शेवटी गव्हाणच्या बाजूला रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये गेलो. तिथला मेस्त्री आगरी, वयाने माझ्या निम्मा. त्याच्या बोलीत वडीलधाऱ्यालाही 'तू'च, आणि त्यात अनादर नसतो, हे आता मला सवयीचं झालंय. त्याने बॉनेट उघडलंच नाही.

"काका, गारी बंद कर. हँडब्रेक खेच."

मी गडबडलो. सपाट उलव्यात मी हँडब्रेक कधी ओढतच नाही, गिअरमध्ये गाडी ठेवतो. त्या दांडीला मी पिशवी अडकवतो. ओढली, तर ती वर वर येत जवळजवळ कोपराला लागली.

"आता ब्रेक दाब."

दाबला. पेडल अर्ध्यातच थांबलं. कडक.

"मागं हाय," तो म्हणाला आणि जॅक आणायला गेला.

दहा सेकंद! हँडब्रेक मागचे शू ड्रमकडे ढकलून ठेवतो, अंतर मिटतं, म्हणून पेडल वर येतं. म्हणजे दुखणं मागच्या ड्रममध्ये. पंधरा दिवस, एक सिलिंडर आणि तीन निवृत्त तज्ज्ञ एकीकडे, आणि जिला मी पिशवी लावायचो ती दांडी एकीकडे.

ड्रम हातोडीने ठोकून ठोकून निघाले. आत काळं पीठ, लायनर पोह्याच्या पापडाएवढे पातळ. झीज होईल तसं अंतर आपोआप भरून काढणारी दातेरी पट्टी असते. ती खाडीच्या खाऱ्या हवेने गंजून एका दातावर अडकली होती. त्याने पॉलिश पेपरने पट्टी घासली, नवे शू घातले, मी आत सोडलेली हवाही काढली. पैसे आधीच्या निम्म्याहून कमी झाले. डोक्यावरून एक विमान चाकं खाली काढून उतरायला गेलं. "त्यांचं पेडल कोन बघत असल?" मेस्त्री म्हणाला.

ही शेजारी बसली आणि आम्ही घरी निघालो. सोसायटीचं गेट आलं. वॉचमन या वेळी जागेवर होता. आमची गाडी दिसताच तो उठला आणि खुर्ची उचलून केबिनमध्ये घेऊन गेला. घर आलं म्हणून हिने पट्टा सोडला होता. मी सवयीने नोटीस दिली.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. गेट अजून वीस फुटांवर होतं.

"आता लागतोय की नाही ब्रेक?" मी विजयाने विचारलं.

"लागला," ही कपाळ चोळत म्हणाली.