जावयाची गिरणी

आमचे जावई पुण्याहून सावेडीला येतात तेव्हा गाडीतून आधी लेक उतरत नाही, एक काळी चेनवाली पेटी उतरते. तिच्यात कॉफीची हातगिरणी, ग्रॅमचा काटा, बगळ्याच्या मानेची किटली आणि चिकमंगळूरच्या बियांची पुडी. पेटीला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. लेकीची बॅग मी उचलतो.

ही जात आता घरोघरी निघाली आहे. परवापरवापर्यंत बाटलीतली पावडर दुधात ढवळून पिणारी माणसं एका पावसाळ्यात माळकरी होतात आणि मग त्यांना आपल्या घरचा कप चालत नाही.

गिरणी निवडायला जावयांना चार महिने लागले. आमची मुलगी त्यांनी चाळीस मिनिटांत पसंत केली होती, त्यात पोहेही धरले. पाती चिनी मातीची की पोलादाची, दांडा केवढा, एका फेऱ्यात खटके किती, याचा म्हणे तक्ता केला होता. मिक्सरचं नाव काढलं की तोंड वाकडं. ‘‘बाबा, मिक्सर दळत नाही, तोडतो. थोडं पीठ होतं, थोडी भरड राहते. पिठाचा कडवटपणा उतरतो, भरड आंबट लागते.’’ हे खरं आहे, मी चाखून पाहिलंय. पण रोज सकाळी खरं ऐकायचं म्हणजे त्रासच. शेवटी 2023च्या अधिक श्रावणात धोंड्याचं वाण म्हणून चांदीचं निरांजन नको म्हणाले, गिरणी मागितली. निरांजन स्वस्तात पडलं असतं. तेहतीस अनारसे भरून त्यावर गिरणी ठेवून दिली.

सकाळी विधी सुरू होतो. काट्यावर बिया मोजतात. एक बी जास्त झाली तर परत पुडीत. मग बोट ओलं करून बियांवर पाण्याचा थेंब.

‘‘ते कशाला?’’ माझ्या आईने विचारलं. ती पंच्याऐंशीची, माहेर पाथर्डीकडचं.

‘‘आजी, नाहीतर भुकटी भांड्याला चिकटते. स्थितिक विद्युत!’’

‘‘रव्याला गहू आम्हीबी ओलवायचो,’’ आई म्हणाली. कारण वेगळं, पण जावई क्षणभर थबकले. मग त्यांनी कडं फिरवून पात्यांमधली फट दाखवली. मोका पॉटला बारीक, फिल्टरला मध्यम, फ्रेंच प्रेसला जाड. आईने मान हलवली. डाळ भरडताना ती जात्याच्या मधल्या खिळ्यात चिंधीची चुंबळ घालायची, वरची तळी जरा उचलून धरायला.

‘‘आणि टाकी कोण लावतं याला?’’

पोलादी पात्यांना टाकी लागत नाही, वर्षानुवर्षं चालतात, असं जावयांनी सांगितलं. आईला ते काही पटलं नाही.

‘‘दळायचंय किती?’’

‘‘पंधरा ग्रॅम.’’

‘‘कुणाकुणाला?’’

‘‘मला एकट्याला, आजी.’’

बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो आईने घरभराला दळलेली. ती पुढे काही बोलली नाही.

दळणाला मिनिटभर लागतं. आमच्याकडे दळताना ओव्या म्हणत, जावई इतिहास सांगतात. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या, अशी आख्यायिका आहे. ‘‘चोरूनच की,’’ आई म्हणाली. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी होते, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर ते फक्त हसले. दळून झाल्यावर कुंचल्याने पाती झाडली, किटलीतल्या पाण्यात कसलंसं मीटर बुडवलं आणि मुळा धरणाच्या पाण्याविषयी वहीत काहीतरी टिपलं.

दुपारी ते झोपले असताना हिने श्रीखंडासाठी वेलदोडे काढले. मिक्सरात चार वेलदोडे नुसते नाचतात, खलबत्ता माळ्यावर. ओट्यावर गिरणी होती. वेलदोडे झाले, पाठोपाठ जायफळाचा तुकडा झाला. ‘‘काय बारीक होतं हो!’’ असं मला कुजबुजून हिने कुंचल्याने पाती झाडली आणि कडं होतं तिथे आणून ठेवलं. मी पेपरात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी जावयांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही दोघं श्वास धरून.

‘‘बाबा, आज उघडली! फुलांचा गंध येतोय, मागून काहीतरी गोडसर. इथल्या पाण्याला बावीस खटकेच लागतात.’’ बावीस आकडा वहीत गेला, खाली दोन रेघा ओढल्या. ही पोहे परतत राहिली, नको इतके.

आईने कधी न मागणारा हात पुढे केला. ‘‘मला द्या घोटभर.’’ प्याली, ओठ पुसले. ‘‘लग्नातल्या कॉफीवानी लागती.’’

‘‘आजी, यात काहीही घातलेलं नाही. नुसती बी आणि पाणी.’’

‘‘नसंल बाबा,’’ आई म्हणाली, सुनेकडे एकदा पाहिलं, आणि कप पुन्हा पुढे केला.